हळू हस, दम लागेल

सकाळचा चहा निम्माच झाला होता, तेवढ्यात भिंगरीच्या छातीचा फोटो पडद्यावर आला आणि बाईंनी कप खाली ठेवला. हृदय मोठं दिसत होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं ऐसपैस पसरलेलं. बाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा घातला. चष्मा पुसला की बातमी बदलते असा माणसाचा एक समज असतो, आणि इतकी वर्षं हेच काम करूनही बाईंचा तो गेला नव्हता. बातमी बदलली नाही. मग त्यांनी पडद्यावर रेघ ओढून हृदयाची रुंदी घेतली, छातीची रुंदी घेतली. हृदयानं छातीच्या निम्म्यात बसावं, एवढी साधी अपेक्षा असते. सहा महिन्यांपूर्वीच्या फोटोत ते शहाण्यासारखं बसलंही होतं. आज ते निम्म्याच्या बरंच पुढे सरकलं होतं आणि दोन्ही फुफ्फुसांत खालच्या अंगाला नसांची दाटी झालेली दिसत होती. हृदय थकायला लागलं की अशी दाटी होते. बाईंनी फोन उचलला, हृदयाच्या डॉक्टरांना लावला आणि म्हणाल्या, "वाढलंय."

या डॉक्टरांना सगळं रुग्णालय ठोकेसाहेब म्हणायचं, कारण ते बोलताबोलताही टेबलावर बोटांनी ठोके धरायचे. पलीकडे ते ठोके थांबले. माझ्या कानांना तसं वाटलं नाही, ते म्हणाले, काल ऐकलं तेव्हा गळतीचा आवाज होता तसाच होता. पण हृदय वाढलं असेल तर झडपेची गळती त्याला झेपेनाशी झाली, मग ऑपरेशनसाठी वाट बघण्यात अर्थ नाही. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात एक खाट रिकामी होती, दुपारपर्यंत ते ती धरून ठेवणार होते. झडप हलताना दाखवणारं यंत्रही तिथेच, आणि त्याचा नंबर लागता लागत नसे. इथे भरवसा ठोकेसाहेबांच्या कानांवर आणि बाईंच्या डोळ्यांवर. तुमचा लेखी अहवाल दुपारच्या आत द्या, पोरीच्या वडिलांना मी सांगतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. बाईंनी उरलेला चहा तोंडाला लावला. गार झाला होता, तरी प्यायल्या.

भिंगरी ही बेकरीवाल्याची मुलगी. वय नऊ. एका जागी बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं, म्हणून बापानं हे नाव ठेवलेलं. दोन वर्षांपूर्वी तिचा घसा दुखला, सगळ्या मुलांचा दुखतो तसा. मग गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा सुजला, मग ताप. सांधे चार दिवसांत सगळं विसरून गेले. हृदयातली एक झडप मात्र विसरली नाही. ते दार तेव्हापासून नीट मिटत नाही आणि पुढे ढकललेलं रक्त थोडं मागे गळतं. पुन्हा तसा ताप येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी कमरेत सुई, आणि अधूनमधून हा फोटो. पहिल्यांदा आली तेव्हा तिनं विचारलं होतं, तुम्ही काय करता? मी सावल्या बघते, बाई म्हणाल्या. कुणाच्या? तुझ्या हाडांच्या, तुझ्या हृदयाच्या. त्या दिवसापासून मुलांच्या वॉर्डात बाईंचं नाव सावलीबाई पडलं. बाईंना ते मनातून फार आवडायचं, चेहऱ्यावर मात्र त्यांनी ते कधी येऊ दिलं नाही. बाई हसत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. नव्या नर्सला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या जायच्या: कपाटाची किल्ली कुठे असते, आणि तळघरातल्या बाईंपुढे विनोद करू नये.

त्या उठून दारापर्यंत गेल्या. बाहेरच्या बाकावर बेकरीवाला बसला होता, भुवयांना अजून मैदा लागलेला, हातांचं काय करावं ते न कळल्यासारखा. म्हणजे ठोकेसाहेबांनी सांगितलं होतं. भिंगरी मात्र फरश्यांच्या रेघा चुकवत एका पायावर उड्या मारत होती, मध्येच थांबून फिसकन हसत होती, आणि हसण्याची उचकी लागली की दोन्ही हातांनी तोंड दाबून धरत होती. हिला सकाळपासून काय झालंय कळत नाही, बेकरीवाला ओशाळून म्हणाला, फोटो काढून आली तशी उगाच दात काढतेय, विचारलं तर सांगत नाही. मग उठून जवळ आला आणि आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "बाई, ऑपरेशन झाल्यावर हिला पळता येईल ना?"

येईल, बाई म्हणाल्या. पण येईल म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर भिंगरी नव्हतीच. एक लोखंडी खाट होती, खिडकीशी लावलेली, आणि खाटेवर ताई. ताईही तेव्हा नऊ वर्षांची, बाई सहाच्या. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत चौघंजण. ताईला तोच आजार झाला होता, तीच झडप, आणि एक दिवस बाबा तिला खांद्यावर घेऊन छातीचा फोटो काढायला गेले. परत आले ते एक मोठं पाकीट घेऊन, आणि तोंड पार उतरलेलं. हृदय फार मोठं झालंय म्हणे. बाबांनी तो काळा कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि सगळ्यांनी ताईच्या आत डोकावून पाहिलं. धाकटीला त्यात एक पांढरा भोपळा दिसला, तिनं तसं सांगितलंही, आणि ताई खदखदून हसली. तेव्हा आई पहिल्यांदा म्हणाली, हळू हस, दम लागेल. त्या दिवसापासून घरात कायदे झाले. ताईनं पळायचं नाही. जिना चढायचा नाही. हसायचं नाही. आणि शेवटचा कायदा धाकटीला उद्देशून: ताईला हसवायचं नाही. कारण धाकटी नकला करायची. खालचा शिंपी तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी भांडतो कसा, पोस्टमन जिना चढताना कुरकुरतो कसा, शाळेतल्या मोठ्या बाई शिंक येता येता अडकली की कुठे बघतात. असं काय काय ती हुबेहूब करायची आणि ताई गादीवर लोळायची. ते सगळं बंद झालं. इतकंच नाही, धाकटीला पहाऱ्यावर बसवलं गेलं. ताईच्या ओठांचा कोपरा जरा वर गेला की हिनं म्हणायचं, हळू हस, दम लागेल. लोकांना वाटतं बाई स्वभावानंच गंभीर आहेत. स्वभाव कसला! सहाव्या वर्षी लागलेली ती नोकरी आहे, आणि तिच्यात निवृत्तीची सोयच नाही.

खुर्चीत परत बसून त्यांनी अहवाल लिहायला घेतला. 'मागील फोटोच्या तुलनेत' एवढं लिहिलं आणि हात थांबला. खोली नेहमीसारखीच होती, बिनखिडकीची, दिवा मंद, पडद्याचा निळसर उजेड. शेजारच्या खोलीत फोटोकाका होते. फोटो काढण्यात उभा जन्म गेलेला हा माणूस एरवी भिंतीपलीकडूनही गप्पा मारायचा. आज सकाळपासून भिंत मुकी होती. मघाशी दारात भेटले तर तोंडावर रुमाल धरून मानेनंच रामराम करून गेले. दाढ दुखत असेल, बाईंनी मनात म्हटलं होतं. मुलांना या काकांची फार सवय. फोटो काढताना मुलानं पाटीला छाती टेकवायची, हनुवटी पाटीच्या वर ठेवायची, म्हणजे तोंड भिंतीकडे आणि काका मागे काचेच्या आड. मग मुलं घाबरायची, मान वळवायची, रडायची. म्हणून काकांनी भिंतीवर स्कूटरचा एक जुना आरसा ठोकला होता. मुलानं आरशात काकांकडे बघायचं आणि काका करतील तसं करायचं. काका छाती फुगवून हा एवढा श्वास घेत, मूलही घेई, काका धरून ठेवत, मूलही धरून ठेवी, आणि तेवढ्यात बटण. रुग्णालयात मोठमोठी यंत्रं आली, पण त्या आरशाला कुणी हात लावला नाही.

फोन वाजला. ताई. ती रोज याच वेळी करायची, काम असो नसो. ताई आता साठीच्या पुढे गेली होती, दोन नातवंडांना शिस्त लावता लावता स्वतः बेशिस्त झाली होती, आणि तिच्या छातीत गेली कित्येक वर्षं धातूची झडप होती. शांत खोलीत ती झडप ऐकू यायची, अगदी स्पष्ट, टिक, टिक. ताई म्हणायची, मला घड्याळ लागत नाही, पण चोरी करायची म्हटली तर पंचाईत आहे. आज तिचं सुरू झालं की धाकट्या नातवानं शाळेत गुरुजींना सांगितलं, माझ्या आजीला किल्ली द्यावी लागते. गुरुजींना ते खरंच वाटलं, आणि काल रस्त्यात भेटले तर त्यांनी ताईला फार काळजीनं विचारलं, किल्ली रोज द्यावी लागते की आठवड्यानं? एवढं सांगून ताई जी हसायला लागली ती थांबेचना. बाईंच्या तोंडून आपोआप गेलं, "हळू हस, दम लागेल."

"लागू दे गं," ताई म्हणाली, आणि मग शब्दच फुटेना, नुसती हवा आली. "हसून हसून... आत श्वासच उरला नाही बघ."

मला काम आहे, म्हणून बाईंनी फोन ठेवला. ताईवर त्या जराशा चिडल्याच. एखाद्या दिवशी माणसानं गप्प बसावं. मग पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात तसाच फोनवर राहिला. आत श्वास उरला नाही. बाईंनी फासळ्या मोजल्या. छातीच्या फोटोत सगळ्यात आधी काय करायचं, तर फासळ्या मोजायच्या. हे त्या दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना इतक्या वेळा सांगायच्या की विद्यार्थी मागे त्याची चेष्टा करत. मूल पुरता श्वास घेतं तेव्हा छातीखालचा पडदा खाली उतरतो आणि त्याच्या वर नऊ-दहा फासळ्या मोकळ्या दिसतात. इथे सात. छातीचा पडदा वर चढलेला, फासळ्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि चेपलेल्या छातीत हृदय आडवं पडलेलं. फुफ्फुसातली दाटीही त्याचीच. हवा गेली की नसा जवळ येणारच. मोजलं नव्हतं. आज मोजलंच नव्हतं. मुलांच्या फोटोत, आणि त्यातून ही झडप असली तर, बाईंची नजर धावत हृदयाकडे जायची, कारण ते हृदय त्यांना आधीपासून ओळखीचं असायचं. खिडकीत धरलेला काळा कागद, पांढरा भोपळा.

त्यांनी फोटो वर सरकवला. वरच्या कडेला, जिथे काहीच नसायला हवं, तिथे जबडा उतरला होता. हनुवटी पाटीवरून घसरून फोटोत आली होती, तिरकी, आणि वरचे दात, खालचे दात, मध्ये चांगलं बोटभर अंतर. बाई पुढे वाकल्या. ओरडताना माणूस असं तोंड उघडतो, रडतानाही उघडतो. पण खांदे वर उचललेले होते, मान कलली होती, आणि दाराबाहेर फरशीवर उड्या मारत तीच मुलगी या क्षणीही फिसफिसत होती. ही पोर हसतेय, बाईंनी स्वतःशीच म्हटलं. हसण्याचा फोटो आहे हा. त्यांना इतकं हलकं वाटलं की क्षणभर भीतीच वाटली, कारण हलकं वाटलं म्हणून काही हृदय लहान होत नाही. खरं काय ते अजून कळायचंच होतं. फोटो पुन्हा काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पोराला उगाच दुसऱ्यांदा किरण द्यायला त्यांचं मन कधी घेत नसे, पण हे उगाच नव्हतं. आधी त्यांनी ठोकेसाहेबांना फोन केला, मी घाई केली, म्हणाल्या, फोटो श्वास सोडल्यावरचा आहे, दुसरा काढते, खाट सोडू नका पण पोरीला गाडीतही घालू नका. ठोके पुन्हा सुरू झालेले त्यांना फोनवर ऐकू आले.

मग त्या शेजारच्या खोलीत गेल्या आणि फोटोकाकांना सरळ विचारलं, सकाळी काय झालं? काकांनी रुमाल घट्ट धरला. बराच वेळ मान हलवली. शेवटी दार लोटून घेऊन रुमाल खाली केला, तर वरच्या ओठामागे काहीच नव्हतं. नवी कवळी बसवली होती, परवाच, घरच्यांशिवाय कुणाला पत्ता नव्हता. सकाळी भिंगरीला पाटीशी उभं केलं, आरशात बघायला लावलं, आणि नेहमीसारखा हा एवढा श्वास घेतला. घेतला तो जरा जास्तच झाला. कवळी सुटली, तोंडातून बाहेर आली आणि समोर ठेवलेल्या चहाच्या ग्लासात पडली. तिथे चहा ठेवायची मनाई होती, तो गुन्हा वेगळाच. पोरीनं आरशात सगळं पाहिलं. आणि काकांचं बोट, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, बटणावर पडलं. फोटो हललेला नव्हता बाई, ते म्हणाले, चांगला स्वच्छ दिसला, म्हणून वाटलं चालेल. आणि खरं सांगायचं तर कवळी पुन्हा बसेना, बोलायला तोंडच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पोरीला त्रास नाही ना झाला माझ्यामुळे? आणि हे इस्पितळात कुणाला सांगू नका, तुमच्या पाया पडतो."

बाईंना रागवायचं होतं. शब्दही तयार होते. पण फासळ्या मोजायला त्या स्वतःच विसरल्या होत्या, आणि ग्लासातली कवळी त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्यांनी गाल आतून चावून धरला. इस्पितळात कुणाला सांगणार नाही, म्हणाल्या, आणि भिंगरीला हाक मारली.

भिंगरी पाटीशी उभी राहिली, हनुवटी वर केली, आरशात काका दिसले, आणि ती फुटली. काकांनी रुमाल धरला तर रुमालालाच हसली. काकांनी पाठ केली तर पाठीलाही. बेकरीवाला दारातून ओरडला, भिंगरे, गप उभी राहा, तशी तिला आणखीच उचकी लागली. शेवटी बाईंनी काकांना बाजूला केलं आणि स्वतः काचेमागे उभ्या राहिल्या. आरशात सावलीबाई. पोरीचं हसू हळूहळू विरलं. या बाई कधी हसत नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाईंनी तिच्याकडे बघत श्वास घ्यायला सुरुवात केली. भिंगरीनंही. दोघींच्या छात्या फुगत गेल्या. आणि त्या छोट्याशा गोल आरशात बाईंना एकदम वाटलं की हे पूर्वी कधीतरी करायला हवं होतं. खाटेजवळ नुसतं पहाऱ्यावर बसण्यापेक्षा ताईबरोबर असा श्वास तरी घ्यायला हवा होता. ताईचा फोटो काढताना तिला कुणी श्वास घ्यायला सांगितलं होतं का? का ती रडत होती, बाबांना हाका मारत होती, आणि त्या रडण्याच्या फोटोवरच दोन वर्षं ती खाटेवर पडून राहिली? ते आता कळायचं नाही. तो फोटो उरलाच नव्हता. सूर्यग्रहण आलं तेव्हा बाबांनी तो कापून चौघांना चार तुकडे वाटले होते. आज बाई कुणाला असं करू देणार नाहीत, पण तेव्हा सगळी गल्ली तेच करत होती. ताई हट्टानं म्हणाली, मी माझ्या हृदयातून बघणार, पण हृदय पांढरं, त्यातून नुसता उजेड आला आणि डोळ्यांना धारा लागल्या. तेव्हाही ती हसलीच होती. आणि धाकटी काय म्हणाली होती हे सांगायला नकोच. बाईंनी श्वास धरून ठेवला. भिंगरीनं धरून ठेवला. काकांनी बटण दाबलं.

पडद्यावर फोटो यायला लागतो तो वेळ काही फार नसतो, पण बाईंनी त्या वेळात चष्मा दोनदा पुसला. आधी फासळ्या. मोजल्या, पुन्हा मोजल्या, भरपूर होत्या. छातीचा पडदा खाली, फुफ्फुसं मोकळी, काळीभोर. मग रेघ ओढली. हृदय निम्म्याच्या आत होतं. सहा महिन्यांपूर्वी होतं तिथेच, केसभरही सरकलं नव्हतं. डावा वरचा कप्पा किंचित फुगलेला, तो तेव्हाही होता. दार अजून नीट मिटत नव्हतं आणि सुया चालूच राहणार होत्या, पुढेमागे ऑपरेशनही कदाचित लागेल. पण आज नाही. बाईंनी अहवाल लिहिला, वाढ नाही, आणि शेवटी पहिल्या फोटोबद्दल एक ओळ: श्वास सोडलेल्या अवस्थेत, कारण रुग्ण हसत होता. ठोकेसाहेबांनी तो वाचून खाट सोडली आणि स्वतः खाली येऊन बेकरीवाल्याला सांगितलं. बेकरीवाला बाकावर बसला, उठला, पुन्हा बसला. पळू देऊ का हिला, त्यानं मग विचारलं. पळू द्या, ठोकेसाहेब म्हणाले, थकली की आपली आपण थांबेल, तिला रोखू नका. पण रोखायला भिंगरी तिथे होतीच कुठे! ती कॉरिडॉरच्या त्या टोकाला पोचली होती.

बाई खोलीत परतल्या आणि दार लावून घेतलं. मग त्यांनी कधी न केलेली एक गोष्ट केली: ताईला स्वतःहून फोन लावला. काय झालं गं, ताई घाबरून म्हणाली, तू कशी काय? काही नाही, बाई म्हणाल्या, ऐक. आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. आधी नुसतं सांगत होत्या, अहवालासारखं. मग काका श्वास कसा घेतात ते सांगताना त्यांचे खांदे आपोआप वर गेले. मग आवाज बदलला. ओठ आत वळले, जीभ दातांमागून निसटली आणि रिकाम्या खोलीत, पडद्याच्या उजेडात, फोटोकाका हुबेहूब बोलायला लागले: पाया पडतो बाई, इस्पितळात कुणाला सांगू नका. पलीकडे ताईनं तो आवाज ओळखला. काकांचा नव्हे, धाकटीचा. मग ती हसली. आधी फिसकन, मग खदखदून, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत हसायची तशी, गादीवर लोळून. हसण्याच्या मधल्या फटीत तिची झडप ऐकू येत होती, टिक टिक टिक, भराभर. बाईंच्या जिभेवर ते चार शब्द आले. आले, आणि तिथेच राहिले. ताईचा श्वास संपला, तिनं नवा घेतला, चांगला छातीभर, आणि पुरे गं, मेले, असं म्हणाली.

"थांब," बाई म्हणाल्या, "कवळी कुठे पडली ते तर अजून सांगितलंच नाही."